कप्पेकाकांच्या वर कोण?

कप्पेकाकांना काहीही विचारा, ते आधी वर बघतात. छताकडे नव्हे हो, वरच्या माणसाकडे. ऑफिसात असले तर साहेबांच्या केबिनकडे आणि घरी असले तर जिन्याकडे, कारण जिना चढून गेलं की त्यांचा दादा राहतो. पन्नाशी कधीच ओलांडलेला बाप्या, डोक्यावर नावाला चार केस, पण 'मी ठरवलं' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. 'दादाने सांगितलं' आणि 'साहेबांनी सांगितलं', या दोन खांबांवर त्यांचा सगळा संसार आणि सगळी नोकरी उभी होती.

कप्पेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लिफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात ते रेकॉर्ड विभाग सांभाळतात. आजवर बसवलेल्या प्रत्येक लिफ्टची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर नीट ठेवायची आणि मागेल त्याला काढून द्यायची, एवढंच काम. आता तुमच्या-माझ्यासारखा माणूस काय करेल? इमारतीच्या नावाचा एक फोल्डर करेल, त्यात सगळं कोंबेल आणि चहाला जाईल. काकांनी तसं केलं नाही. त्यांनी सगळ्यांच्या वर 'कारखाना' नावाचा फोल्डर केला. त्याच्या पोटात एका बाजूला कारखान्यातली खाती आणि कार्यालयं, दुसऱ्या बाजूला लिफ्टचे प्रकार. त्यात माणसं नेणाऱ्या लिफ्ट वेगळ्या, माल नेणाऱ्या वेगळ्या. माणसं नेणाऱ्यांत चार माणसांच्या, आठ माणसांच्या. मग इमारत, मग दरवाजा, मग दरवाज्याचं कुलूप, आणि कुलपाच्या पोटात एकुलतं एक ड्रॉइंग, स्प्रिंगचं. त्या स्प्रिंगपर्यंत पोचता पोचता माणसाचं बोट दुखून येई. पण पोचलात की ती तिथे असायचीच, हे मात्र कबूल करायला हवं. पावसापाण्यात अडकलेल्या लिफ्टपाशी उभा असलेला मेकॅनिक फोन करी, आणि काका इकडे फटाफट कप्पे उघडत त्याला नेमकं ड्रॉइंग धाडत. म्हणून ते कप्पेकाका.

घरीही तोच खाक्या. डब्यात डबी, डबीत पुडी, पुडीत सुई. फाटकी बाही शिवायला बसायचं तर त्यांच्या बायकोला तीन झाकणं उघडावी लागत, आणि ती दर झाकणाला एक याप्रमाणे नवऱ्याला तीन विशेषणं बहाल करी.

"अहो, सुई आहे की सरकारी खजिना?"

"प्रत्येक वस्तू कशाच्या तरी पोटात असावी," काका शांतपणे म्हणत, "आणि प्रत्येक माणूस कोणाच्या तरी हाताखाली. मोकळं सुटलेलं काही बरं नाही."

आता दादा. दादा काकांहून सहा वर्षांनी मोठा, पोस्टातून निवृत्त झालेला, बोलायला मोजका. वडील गेले तेव्हा काका तेरा वर्षांचे होते, आणि तेव्हापासून दादा हाच त्यांचा वरचा. घरातली कोणतीही बाब असो, काका जिना चढून जात, दादासमोर उभे राहून विचारत. दादा खिडकीबाहेर बघत म्हणे, "बघतो. उद्या सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगे. फ्रिज घ्यायचा का? घे, पण लहान घे. मुलीला परगावी शिकायला पाठवायची का? पाठव. टेबल भिंतीशी ठेवू की खिडकीशी? खिडकीशी.

आणि काय सांगू तुम्हाला, दादा जे सांगे ते अगदी काकांच्या मनातलंच असे! काका चारचौघांत छाती फुगवून सांगत, "आमच्या दादाला मनातलं कळतं. मी तोंडातून शब्द काढायचा अवकाश. लहान फ्रिजच बरा असं मला वाटतच होतं, दादाने बरोब्बर ओळखलं." ऐकणारे तोंडात बोटं घालत. बायको त्या वेळी काहीतरी आणायला आत जाई.

अशा या दादाला अलीकडे दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता. चहा ओतायला गेला की अर्धा बशीत, पेपर नाकाला टेकवलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून कितीतरी दिवस झाले. दादा म्हणे, "बघू." वहिनी काकांना म्हणत, "भावजी, तुम्ही तरी बोला." काका कानाला हात लावत. धाकट्याने थोरल्याला सांगायचं? लहान तोंडी मोठा घास! दादाला समजत नाही का? तो ठरवेल तेव्हा ठरवेल.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना कारखान्यात नवी सिस्टिम आली.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तशी. मुख्य कचेरीने ती बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतली होती आणि आता जुनं सगळं तिच्यात भरायचं होतं. मोठ्या साहेबांचं म्हणणं एकच, काम लवकर उरका. "कप्पेबिप्पे हवेतच कशाला? सगळी ड्रॉइंग एका ढिगात टाका. वर शोधायला चौकट आहेच. टाइप करा, मिळेल."

काकांना पटेना. ढिगात 'स्प्रिंग' टाइप केलं की हजारो स्प्रिंगा अंगावर येणार. मेकॅनिकने त्यातली कुठली घ्यायची? आणि चुकीची बसवली तर? सर्व्हिसचा फोरमनही तेच म्हणाला, जरा वेगळ्या आणि इथे लिहिता न येणाऱ्या शब्दांत. शेवटी असं ठरलं की सिस्टिम कंपनीच्या प्रोग्रामरबाई येऊन बघतील. महिनाअखेरीपर्यंत काकांचं हे कप्प्यांचं झाड नव्या सिस्टिममध्ये उभं राहिलं तर ठीक, नाहीतर ढीग. काकांचा सगळा जन्म त्या झाडात गेला होता. ते एका चौकटीत गडप होणार या विचाराने त्यांना जेवण जाईना.

प्रोग्रामरबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण घाईत असलेल्या डॉक्टरसारख्या. झाड बघून त्या म्हणाल्या, "काका, काम फार सुरेख आहे. पण मला हे असं एकाच्या पोटात एक नकोय. एक्सएमएलची, म्हणजे मशीनला वाचता येईल अशी फाईल द्या, सपाट. एका फोल्डरची एक ओळ."

"सपाट म्हणजे?"

"म्हणजे सगळे एका रांगेत. ओळीत तीनच गोष्टी लिहायच्या. फोल्डरचा स्वतःचा नंबर, त्याचं नाव, आणि त्याच्या लगेच वरचा जो फोल्डर, त्याचा नंबर."

"'कारखाना' आणि स्प्रिंग एकाच रांगेत?" काकांचा आवाज चिरकला.

"एकाच रांगेत. पुढेमागे कसेही चालतील."

काकांना वाटलं, ही पोरगी आपलं घर जिन्याखालच्या चपलांसारखं करून ठेवणार. "अहो, मग कोण कोणाच्या पोटात, हे कळणार कसं?"

"प्रत्येकजण आपल्या वरचा कोण ते सांगतोय ना? बस. बाकी कोणाला काही माहीत असायची गरज नाही. मशीन त्यावरून अख्खं झाड परत उभं करतं."

हळूहळू काकांचा चेहरा उजळला. प्रत्येकाने फक्त आपल्या वरचा कोण एवढं ठाऊक ठेवायचं, आणि तेवढ्यावर सगळा डोलारा उभा! अरे, हे तर आपण जन्मभर करत आलो! एक्सएमएल एक्सएमएल म्हणून ज्याचा एवढा बाऊ केला ते हेच होय? घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "त्या मशीनला अक्कल आहे."

"आणि सगळ्यात वर जो असेल," जाताजाता प्रोग्रामरबाई म्हणाल्या होत्या, "त्याच्या ओळीत वरच्याची जागा रिकामी ठेवा. तेवढं विसरू नका हं, काका."

काका कामाला लागले. हजारो ओळी. दर ओळीला त्रिकोणी कंस, कंसात नंबर, नाव, वरचा. मान मोडून काम करायची सवय होतीच, आता तर उत्साहही होता. मध्ये मध्ये लोकांचा त्रास झाला, तो मात्र फुकटचा. सपाट फाईल बनतेय ही बातमी फुटली आणि जो तो येऊन आपली ओळ शोधू लागला. रंगखात्याचा मुख्य येऊन म्हणाला, "आमची ओळ वेल्डिंगवाल्यांच्या खाली का?" काकांनी समजावलं की ओळ खाली असली तरी मान खाली जात नाही, मशीन क्रम बघतच नाही. तो म्हणाला, "मशीन बघत नसेल, वेल्डिंगवाला बघतो." काकांनी ओळ वर घेतली. मग वेल्डिंगवाला आला. असे ते दोघे आलटून पालटून येत राहिले आणि काका ओळी वरखाली करत राहिले. लिफ्टच्या कारखान्यात हे व्हायचंच.

आणि सगळं झाल्यावर एकच ओळ उरली. 'कारखाना'. तिच्यात वरच्याची जागा रिकामी.

ती रिकामी जागा काकांना बघवेना. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणत्याही कागदावर जागा रिकामी सोडली नव्हती. रिकामी जागा म्हणजे अर्धवट काम. रिकामी जागा म्हणजे उद्या कोणीही यावं आणि काहीही भरावं. आणि एवढ्या हजारो ओळींत प्रत्येकाला कोणी ना कोणी वरचा आहे, अगदी स्प्रिंगलासुद्धा, आणि ज्याच्या जिवावर सगळे जगतात त्या कारखान्यालाच कोणी नाही? पोरक्यासारखं दिसत होतं ते. काकांनी साहेबांच्या केबिनकडे बघितलं आणि उठले.

मोठ्या साहेबांनी ओळी छापलेला कागद बघितला. "माझं कार्यालय कुठाय यात?"

"हे काय साहेब. 'साहेबांचे कार्यालय'. त्याच्या वर 'कारखाना'."

"माझ्या वर कारखाना?"

"साहेब, म्हणजे कारखान्यात कार्यालय, म्हणून."

"हं. आणि कारखान्याच्या वर कोण?"

"रिकामं ठेवायचं म्हणाल्या बाई."

साहेबांनी चष्मा काढला. "रिकामं? मग कारखाना चालवतं कोण?"

साहेबांनी एवढंच म्हटलं, "योग्य ते करा." आणि काकांनी योग्य ते केलं. 'कारखाना'च्या ओळीत वरच्याच्या जागी साहेबांच्या कार्यालयाचा नंबर घातला. कारखान्याच्या वर साहेब. आणि साहेबांच्या वर कारखाना, ते तर आधीच होतं. कुठेही रिकामी जागा नाही, कोणीही पोरकं नाही. साहेब खूश, काका त्याहून खूश. त्या दिवशी ते बायकोसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन गेले, म्हणजे बघा.

चाचणीच्या दिवशी मोठ्या खोलीत सगळे जमले. साहेब मधोमध, फोरमन भिंतीला टेकून, काका इस्त्रीच्या शर्टात. प्रोग्रामरबाईंनी फाईल मशीनमध्ये घातली. पडद्यावर अक्षरं आली, 'सर्व ओळी स्वीकारल्या. चुका शून्य.' काकांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. बाईंनी झाड दाखवायचं बटण दाबलं.

पडदा कोरा.

परत दाबलं. कोरा. ना कारखाना, ना लिफ्ट, ना स्प्रिंग.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या, आणि ओळी चाळायला लागल्या. फार वेळ लागला नाही. "काका, 'कारखाना'च्या वर कोण घातलंय?"

"साहेब."

"आणि साहेबांच्या वर?"

"कारखाना."

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, मग म्हणाल्या, "काका, मशीन आधी असा एक फोल्डर शोधतं, ज्याच्या वर कोणी नाही. तिथून ते खाली उतरत जातं. इथे असा एकही नाही. हे दोघं एकमेकांच्या डोक्यावर बसलेत. त्यामुळे सगळं आहे, पण दिसत काहीच नाही."

फोरमनला अचानक खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला. बाहेर जाऊन तो बराच वेळ खोकत होता.

"एक नंबर पुसला की झालं," बाई म्हणाल्या. "आत्ता पुसू?"

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. नंबर पुसायचा म्हणजे कारखान्याच्या वरून साहेबांना उतरवायचं, आणि तेही साहेबांसमोर. साहेबांनी घसा साफ केला. "असा परस्पर निर्णय घेता येणार नाही. वर विचारून घ्या."

मग सुरू झाला तो प्रवास. एक जागा रिकामी ठेवण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज काकांनी केला. साहेबांनी तो मुख्य कचेरीकडे धाडला. मुख्य कचेरीतल्या ज्या माणसाकडे तो गेला त्याला यातलं ओ की ठो कळलं नसावं, पण कळलं नाही असं कागदावर कोण लिहितं? त्याने शेरा मारला, 'संबंधित तांत्रिक विभागाचा अभिप्राय घ्यावा.' अर्ज साहेबांकडे परत आला. साहेबांनी त्यावर सही केली आणि खाली लिहिलं, 'रेकॉर्ड विभाग, अभिप्राय द्या.' रेकॉर्ड विभाग म्हणजे कोण? काका! आपलाच अर्ज आपल्याच टेबलावर, अंगावर चार सह्यांचे दागिने घालून. घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं ते आता दिसत होतं, पण काकांची ते बघायची तयारी नव्हती. इकडे महिना संपत आलेला. फोरमन दारातून डोकावून विचारून गेला, "काका, ढिगाची तयारी करू की झाडाची?"

काका घरी आले ते थेट जिना चढून गेले.

"दादा, ऑफिसातली गोष्ट आहे. सगळ्यात वर जो आहे, त्याच्या वरची जागा रिकामी ठेवावी का?"

दादाने खिडकीबाहेर बघितलं. त्याला तिथलं काही दिसत नव्हतं, पण सवय. "बघतो. उद्या सांगतो."

काकांना हायसं वाटलं. सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "अहो, ते रिकाम्या जागेचं काय? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? दादा सांगेल तसं."

"तरी पण. काहीतरी वाटत असेलच की."

"काहीसुद्धा नाही." आणि ते खरंच होतं. पहिल्यांदाच काकांच्या मनात काहीही नव्हतं.

संध्याकाळी दादा म्हणाला, "उद्या सांगतो." असं आजवर कधी झालं नव्हतं. दुसऱ्या सकाळी बायकोने पुन्हा विचारलं, या वेळी जरा कातावून. "असे कसे हो तुम्ही? इतर वेळी फ्रिजवर आठवडाभर बडबडलात, आता दातखीळ बसली?" काका म्हणाले, दादा बघेल. संध्याकाळी दादा म्हणाला, "उद्या."

पुढचा दिवस सुट्टीचा. काका आतल्या खोलीत आरशासमोर दाढी करत होते. गालांना फेस लावून झालेला, वस्तरा हातात. स्वयंपाकघराच्या दाराशी वहिनींचा आवाज आला, हलका, घाईचा.

"काय म्हणाले गं भावजी? काही बोलले का आज?"

"छे हो वहिनी. तोंडच उघडत नाहीत. नेहमीसारखं चहाच्या वेळी काढून घ्यायला बघितलं, पण नाही."

"मग मी यांना काय सांगू? ते वर दोन दिवस वाट बघतायत. म्हणतात, धाकटीला विचार, त्याच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय मी सांगू काय?"

वस्तरा जागच्या जागी थांबला.

फ्रिज. मुलीचं शिक्षण. खिडकीशी टेबल. दादाला मनातलं कळतं! काका चहाच्या वेळी बडबडत, बायको ते वहिनींना सांगे, वहिनी दादाला, आणि दादा दुसऱ्या दिवशी तेच काकांना, हुकूम म्हणून. एवढी वर्षं ते स्वतःच्याच डोक्यावर बसून स्वतःचाच हुकूम पाळत होते.

काका तसेच बाहेर आले. चेहऱ्यावर फेस, खांद्यावर टॉवेल. वहिनींनी त्यांना बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. बायको पटकन म्हणाली, "अहो, चहा ठेवू?" काका जिना चढून गेले.

दादा खुर्चीत बसला होता. पावलं ऐकून म्हणाला, "काय गं, काय म्हणाला तो?"

"मीच आहे, दादा."

दादाने मान वळवली. त्याला फेस दिसला की नाही कोण जाणे.

"कधीपासून?" काकांनी विचारलं. त्यांना राग आला होता, फार राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"पहिल्यापासून," दादा म्हणाला. "आधी आई होती. तुझ्या मनातलं ती येऊन मला सांगायची. मग तुझी वहिनी आली, मग तुझी बायको."

"मला उल्लू बनवलंत सगळ्यांनी मिळून."

"बस जरा." दादाने खाटेकडे हात केला. "बाबा गेले तेव्हा तू जिन्यात बसून रडत होतास. आठवतंय? म्हणत होतास, आता आपल्या वर कोणी नाही. कोणाचं ऐकेनास. मी म्हटलं, मी आहे ना. तू डोळे पुसलेस आणि मला विचारलंस, उद्या शाळेत जाऊ का? मी एकोणीस वर्षांचा होतो रे. मला काय कळत होतं? मी म्हटलं, बघतो, उद्या सांगतो. आणि रात्री आईला विचारलं, त्याला जायचंय का?"

काका खाटेच्या कडेवर बसले.

"मला कधीच काही कळलं नाही," दादा म्हणाला. "तू विचारायचास, मला धडकी भरायची. तुझ्या वर मी होतो. माझ्या वर कोण होतं? मी कोणाकडे जाऊन उभं राहायचं?"

काकांना रडू आलं. फेसामुळे ते कोणाला दिसलं नसतं, आणि दादाला तर नाहीच, पण आलं. इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या जागेखाली एकटा बसून होता, आणि आपण त्याला रोज नवा प्रश्न नेऊन देत होतो. फेस वाळून गाल ओढायला लागेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात गेले. अर्ज तसाच टेबलावर होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. फाईल उघडली, 'कारखाना'ची ओळ काढली आणि वरच्याच्या जागेतला नंबर पुसला. जागा रिकामी झाली. काकांनी ती थोडा वेळ बघितली, मग प्रोग्रामरबाईंना फोन केला. "घाला."

झाड उभं राहिलं. पडद्यावर वर 'कारखाना', आणि खाली फांद्याच फांद्या, पार स्प्रिंगपर्यंत. दारात फोरमन होता. त्याने एक शब्द न बोलता काकांच्या पाठीवर अशी थाप मारली की काका टेबलावर आदळले.

मग साहेबांनी बोलावलं. साहेबांच्या पडद्यावरही झाड होतं. मशीनने नावं अक्षरांच्या क्रमाने लावली होती, त्यामुळे 'साहेबांचे कार्यालय' हे 'सायकल स्टँड'च्या बरोब्बर खाली आलं होतं.

"हे कोणाच्या आदेशाने झालं?" साहेबांनी विचारलं.

काकांची मान सवयीने वर जायला लागली. वर केबिनचं दार नव्हतं, ते केबिनच्या आतच उभे होते. जिनाही नव्हता.

"माझ्या," काका म्हणाले.

आता साहेब फाडून खाणार असं तुम्हाला वाटेल. काकांनाही वाटलं. साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि खुर्चीत सैलावून मागे टेकले. "तुमच्या ना? नक्की? मग तसं लिहून द्या बुवा. मुख्य कचेरीने विचारलं तर मला सांगता येईल, कप्पेकाकांनी ठरवलं म्हणून." त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की काकांना त्यांची दया आली. त्यानंतर रंगखात्याचा मुख्यसुद्धा कागद घेऊन काकांकडे यायला लागला. सही करा म्हणे, काका, तुमची झाली की काळजी नाही. वेल्डिंगवाला त्याच्या मागोमाग.

पण ते नंतर. त्या दिवशी संध्याकाळी काका घरी आले, पाय धुतले आणि जिना चढून गेले. दादा ताठ बसला. काहीतरी विचारायला आला, या धास्तीने त्याचा चेहरा ओढला गेला होता. पुढ्यातल्या बशीत चहा सांडलेला होता.

"दादा, डोळ्याचं ऑपरेशन करून टाकायचं. परवाची वेळ घेतलीय. मी येतोय बरोबर."

दादा थोडा वेळ आवाजाच्या दिशेने बघत राहिला. "कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

दादाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि जन्मात पहिल्यांदा धाकट्यासारखा म्हणाला, "बरं. दुखेल का रे?"